दगडातली चौदा नावं

सोमवार, ३ मार्च

वाळूऐवजी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारायचा! वीस वर्षं वाळूच्या माऱ्याने जहाजांचा गंज उडवला, आणि आता ही बाई मला भिंतीला पावडर लावायला सांगते. जुन्या कारखान्याची दर्शनी भिंत साफ करायची आहे. दगडाची जाणकार म्हणून मालकांनी हिला आमच्या डोक्यावर आणून बसवलंय. हवेचा दाब किती ठेवायचा? दोन! दोनवर धूळसुद्धा हलत नाही. दादाला म्हटलं, कंत्राट तुझं, तू बोल. सख्खा भाऊ, आणि म्हणतो, "बाई सांगतात तसं कर."

मंगळवार, ४

दिवसभरात दोन हात भिंत. दोन हात!

गुरुवार, ६

सगळ्यांसमोर माझ्या हातातली नळी काढून घेतली. का, तर मी दाबाचा काटा तीनवर नेला. मग हातमोजा काढून दगडावरून तळवा फिरवत बसली, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. "दगडाला कातडी असते. एकदा गेली की परत येत नाही." मला शिकवते! म्हटलं, मलाही आहे, चांगली जाड आहे. सगळे हसले. ती नाही हसली. डोक्यात जाते.

शनिवार, ८

बाई आली नव्हती. दादा सामान आणायला गेलेला. दाराशेजारच्या दगडी पाटीवर वर्षानुवर्षांच्या धुराचं काळं पुट— इथल्या जुन्या आगीत गेलेल्या चौदा कामगारांची नावं तिच्यावर कोरलेली. भुग्याने हटेना. वाळू भरली, काटा सहावर. म्हटलं दाखवतोच!

चार मिनिटांत पाटी पांढरीफटक. पुट गेलं. नावंही गेली. खालची तीन तेवढी पुटाखाली राहिली.

सोमवार, १०

"कुणी केलं?" बाईने विचारलं. मी नळी गुंडाळत राहिलो. दादा पुढे झाला— "माझ्या हातून झालं, बाई." बाई पाटीसमोर नुसती उभी.

घरी येताना दादा म्हणाला, "तोंड उघडायला काय झालं होतं तुला?" त्याचाही राग आला. कुणी सांगितलं होतं उपकार करायला? तिचा तर जास्तच. ओरडायचं तरी!

बुधवार, १२

जेवणाच्या सुट्टीत पाटीवरून तळवा फिरवून पाहिला.

गुरुवार, १३

सांगून टाकलं. दादा नाही, मी. बाई म्हणाल्या, "माहीत आहे. मारा उजव्या हाताचा आहे. तुमचे दादा डावखुरे."

मग म्हणाल्या, "वरून चौथं नाव माझ्या वडिलांचं होतं. उरलेली तीन तुम्हीच साफ करा. हळू."