मेंढरांच्या वाटेवरचा नेचर ट्रेल

प्रिय आत्याबाई,

परवा टेम्पोतून काय आलं ते आधी सांगते: लेंडीखताच्या वीस गोण्या, तीनशे रुपये गोणी, रंगवलेल्या पाट्या सहा, नऊशेला एक, भाडं वेगळं. आमच्या कॉलनीत नेचर ट्रेल झालाय! म्हणजे तुम्ही लोणीहून डिंगोऱ्याकडं मेंढरं न्यायचात ना, तीच वाट. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा इथं नुसती कुसळं होती. आता दोन्ही बाजूंना बंगले आणि मधे लाल फरशी. तुमच्या नातवानं इथंच घर घेतलंय.

फिरणारे तुम्ही बघायला हवे होते! कानात गाण्यांचे बोळे घालून पाखरांची पाटी वाचतात. लिंबाखाली फोटो काढतात, आणि लिंबोळ्यांनी फरशी खराब होते म्हणून त्यालाच खालून जाळी बांधतात. असला यांचा निसर्ग! त्यानं खाली काही सांडायचं नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. दिवाळी झाली, तुमचे धाकटे, नामदेव भाऊजी, कळप घेऊन निघालेत. दोन-चार दिवसांत इथं पोचतील. मी सेक्रेटरींना सांगायला गेले, तर म्हणतात, "काकू, नेचर ट्रेलवर मेंढ्या कशा चालतील? घाण करतील."

"मग गोण्या भरून आणलंत ते काय, अष्टगंध?"

"ते प्रोसेस केलेलं असतं, काकू."

ऐकलंत? विकत आणलं की खत, फुकट पडली की घाण! आपल्याकडं लोक पायली पायली धान्य देऊन शेतात मेंढरं बसवून घ्यायचे. हे शिकलेले, म्हणून दुकानातून आणतात.

पण राग तुमच्यावरही आहे. "वाट काय कुनाच्या बापाची नसती गं," म्हणायचात. बघा, निघाले ना बाप! फाटक लावून बसलेत.

आणि भाऊजी तुमच्यावरच गेलेत. फोनवर म्हणतात, "जाऊंद्या वहिनी. मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागायचं? हायवेनं नेतो." गेल्या वर्षी हायवेनंच नेली होती ना? दोन गाभण मेंढ्या ट्रकखाली गेल्या. पोटातली पिल्लं भाऊजींनी आपल्या पटक्यात गुंडाळून उचलली. इतक्यात विसरले?

मी सेक्रेटरींना सांगून आलेय, "सभासदांच्या पाहुण्यांना ट्रेल खुला, असं तुमचीच पाटी म्हणते. मेंटेनन्स मी भरते. पाहुणे माझे."

"मेंढ्या पाहुणे?"

"हो. थुंकत नाहीत, कागद टाकत नाहीत. तुमच्या पाहुण्यांपेक्षा बरे!"

बिरोबाची शपथ, आत्याबाई, फाटक मी माझ्या हातानं उघडीन. म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावीन आणि कळपाच्या पुढं मीच चालेन. बघते कोण अडवतंय!

पण भाऊजी या वाटेला वळले तर ना? माझं ते ऐकायचे नाहीत. तुमचा शब्द मात्र त्यांनी कधी मोडला नाही. तेव्हा उत्तर मला नको. उलट टपाली त्यांनाच स्वप्नात कळवा, आणि जरा दरडावून कळवा.

तुमची थोरली सून,
सुमन