गाऱ्हाण्याचं मॅनेजमेंट

१४ जुलै, सकाळ
अ‍ॅडमिशन झाली. एमबीए, दूरशिक्षण. वय एकावन्न. अर्जावरचा माझा फोटो बघून किशोरी म्हणाली, ह्यो फोटो पेपरात दिलो तर लोक दुखवट्याक येतीत. बायकोचा पाठिंबा म्हणतात तो हा. शिरोड्याच्या बाजारात काजूचं दुकान चालवणाऱ्याने बिझनेस मॅनेजमेंट शिकायचं नाही तर कुणी शिकायचं? गावात माझं कोणी ऐकत नाही, कारण माझ्या बोलण्यामागे डिग्री नाही. आता येईल.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास. उद्यापासून.

१५ जुलै
पहाटे वीज नव्हती.

१६ जुलै
वीज होती, पण पाऊस इतका की कोंबडासुद्धा आरवला नाही. संकल्पात सुधारणा: दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात अभ्यास. जेवणानंतर आडवं पडून वाचलं की मेंदूला रक्त पोचतं. पुस्तक छातीवर घेतलं.

१६ जुलै, संध्याकाळ
उठलो. पुस्तक अजून छातीवरच होतं. म्हणजे हातातून सुटलं नाही. ही चिकाटी.

४ ऑगस्ट
पहिला ऑनलाइन क्लास. सगळी पोरंटोरं. सरांनी ओळख करून द्यायला सांगितली. मी काजूच्या ग्रेडिंगपासून सुरुवात करून कोकणच्या विकासापर्यंत आलो होतो, एवढ्यात माझा आवाज बंद झाला. नेटवर्क असणार. किशोरी म्हणते, सरांनी बंद केला. तिला कॉम्प्युटरमधलं काय कळतं!

२ सप्टेंबर
गणपती तोंडावर. आमच्या जिल्ह्यात गणपतीत अभ्यास करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पुस्तकं माळ्यावर ठेवली. तिथे दमट नसतं.

२९ सप्टेंबर
माझ्या थोरल्या भावाच्या, बाबूदादाच्या, घशाचं ऑपरेशन झालं. तब्येत बरी आहे, पण डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला कायमची बंदी केली आहे. दादासाठी वाईट वाटलं. मनापासून वाटलं. मग लगेच आठवलं, की मार्गशीर्षात रवळनाथाची जत्रा आहे.
जत्रेचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. आधी बाबा, मग दादा. देवळापुढे उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीने देवाकडे मागायचं, आणि अख्ख्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सगळं गाव एका माणसाचं ऐकतं असा वर्षातला हा एकच प्रसंग. आणि दादानंतर घराण्यात उरतो कोण? मी. आणि तसा धोंडू.
धोंडू म्हणजे चुलतभाऊ. रिक्षा चालवतो. दहावीला त्याने परीक्षेलाच दांडी मारली होती.

१५ ऑक्टोबर
देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मी, डावी पडली तर धोंडू. सगळे श्वास रोखून उभे. उजवी पडली! देवाने उमेदवाराची पात्रता बघितली. मॅनेजमेंटमध्ये याला योग्य माणूस योग्य जागी म्हणतात. धोंडू म्हणाला, बरा झाला, माका त्या दिवशी बांद्याचा भाडा आसा. हार पचवणं सोपं नसतं.
संध्याकाळी बाबांच्या फोटोला हार घातला. डोळे भरून आले. किशोरीने पाहिलं नाही.

२० ऑक्टोबर
माळ्यावरून पुस्तकं काढली. बिझनेस कम्युनिकेशनची अनुक्रमणिका वाचली. फार मोलाची. आपलं पारंपरिक गाऱ्हाणं या कसोटीवर तपासलं. निष्कर्ष धक्कादायक. एकच गोष्ट दहादा. सूर रडका. सगळं मागणं मोघम: 'सुखी ठेव', 'राखण कर'. सुखी म्हणजे किती? कधीपर्यंत? आणि दर वाक्याच्या शेवटी 'रे म्हाराजा'. वेळेचा नुसता अपव्यय.
संकल्प: यंदाचं गाऱ्हाणं प्रोफेशनल. परीक्षा जानेवारीत आहे, पण हाही अभ्यासच. प्रॅक्टिकल म्हणायचं.

३ नोव्हेंबर
दिवाळी. अभ्यासाला सुट्टी.

२४ नोव्हेंबर
गाऱ्हाण्याचा मसुदा तयार. व्हिजन, मिशन, उद्दिष्टं. 'रे म्हाराजा' सगळे काढले. बाबूदादाला वाचून दाखवला. त्याने ऐकलं, पाटी घेतली आणि लिहिलं: लोकांनी हुंकार खंय देवचो? मी त्याला समजावलं, की 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं याची सुजाण श्रोत्याला सूचना लागत नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ऑपरेशननंतर माणूस असा शून्यात बघतो.

११ डिसेंबर, जत्रा, दुपार
गाऱ्हाणं घातलं. शांतपणे लिहितो.
देवळापुढे गाव उभं. हातात नारळ. मी सुरुवात केली: 'देवा रवळनाथा, आगामी आर्थिक वर्षात गावाच्या सर्वांगीण विकासाकरिता आपलं सक्रिय सहकार्य अपेक्षित आहे.' थांबलो. कोणी काही म्हणेना. समुद्राचा आवाज ऐकू आला. पुढे गेलो: पर्यटकांत वाढ, काजूला भाव, आंब्यावर तुडतुडा नको. थांबलो. काही नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. कधी म्हणायचं तेच कळेना त्यांना. कुणीतरी मागून विचारलं, ह्या गाऱ्हाणा काय सरकारी योजना? तेवढ्यात किशोरीने एकटीनेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं. बारीक आवाजात. त्यापेक्षा कोणीच म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.
मसुद्याची शेवटची दोन पानं न वाचताच खिशात घातली, हे इथे लिहायला हरकत नाही. कोणी वाचणार नाही. पण मसुदा उत्तमच होता. श्रोते तयार नव्हते.

११ डिसेंबर, संध्याकाळ
पाऊस. डिसेंबरात! खाज्या-मिठाईच्या दुकानांवरची ताडपत्री उडाली, खेळण्यांची दुकानं भिजली, दशावताराचा रंगमंच चिखलात. हवामान खात्याने तीन दिवस आधी सांगितलं होतं, मी स्वतः मोबाइलवर वाचलं होतं. पण पाऊस पडताच सगळं गाव आकाशाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघायला लागलं. अंधश्रद्धा ती हीच.
मग बैठक बसली. मला बोलावलं नाही. ठरलं, की गाऱ्हाणं देवापर्यंत पोचलंच नाही, दुसरं घालायचं. धोंडूला बांद्याहून बोलावून घेतलं. भाडं अर्ध्यात सोडून तो आला. खाकी शर्टातच नारळ हातात घेतला.
'बा देवा रवळनाथा! आज ह्या लेकरांनी तुझी जत्रा मांडल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!'
व्हय म्हाराजा! देवळाची कौलं हलली.
असं बरंच झालं. आणि मग, मला न विचारता: 'आणि बा म्हाराजा, ह्या आमच्या गुरुदासाच्या डोक्यात ह्या वयात शिक्षण शिरला हा. तू वायट वाटून घेव नको. लेकरू तुझाच आसा. तेका ह्या परीक्षेत पास कर आणि मोकळा कर रे म्हाराजा!'
व्हय म्हाराजा!
इतका मोठा हुंकार बाबांनासुद्धा कधी मिळाला नव्हता. मी तत्त्व म्हणून गप्प राहिलो. किशोरी म्हणते, सगळ्यांत मोठ्यान तुमीच वराडलास. गर्दीत असे भास होतात.

१२ डिसेंबर
पाऊस थांबला. योगायोग.

२० डिसेंबर
नवीन त्रास. दुकानात येणारा प्रत्येकजण विचारतो, अभ्यास खंयपर्यंत इलो? काल हौसाबाई कोळंबी द्यायला आली, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, मिया व्हय म्हाराजा म्हटलंय रे, माझा नाक आसा त्येच्यात. म्हणजे माझी परीक्षा आता सार्वजनिक झाली. एवढे भागधारक कुठल्या कंपनीला नसतील.
संकल्प: उद्यापासून रोज पहाटे. खरंच.

१० जानेवारी
उद्यापासून चार दिवस पेपर. पुस्तकाचा वास नवाच आहे. पण अनुभव पुस्तकात नसतो. बत्तीस वर्षांचा धंदा आहे पाठीशी.

११ जानेवारी
धोंडूने रिक्षातून वेंगुर्ल्याला नेलं. भाडं घेतलं नाही. वाटेत दोन ठिकाणी रिक्षा थांबवून लोकांनी गुळखोबरं दिलं. पहिलीच प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमाबाहेरची होती. निदान मी पाहिलेल्या अनुक्रमणिकेबाहेरची. तरी पुरवण्या घेतल्या. कोकणच्या विकासावर सगळंच लिहिलं.

१८ मार्च, सकाळ
निकाल. चार विषय, त्यातला एक सुटला. बिझनेस कम्युनिकेशनमध्ये सर्वांत कमी. पेपर तपासणाऱ्याला कोकणचा अनुभव नसावा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणार. सोडणार नाही.
गावात कोणाला सांगायचं नाही.

१८ मार्च, दुपार
किशोरीने सांगितलं.

१८ मार्च, संध्याकाळ
दुकानासमोर गर्दी. मला वाटलं, सांत्वनाला आले असतील. पण माझ्याकडे कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. सगळे रवळनाथावर नाराज. कोणी म्हणतो, एवढो सगळो गाव मागता आणि देव देणा नाय? हौसाबाई म्हणाली, पुढच्या टायमाक दुसऱ्या देवाक सांगून बघूया. धोंडू एका कोपऱ्यात खाली मान घालून उभा. त्याचं गाऱ्हाणं फुकट गेलं म्हणून.
बाबांनी आयुष्यभर ज्या देवापुढे नारळ धरला, त्याच्याविषयी हे बोलणं मला ऐकवेना. मी स्टुलावर चढलो. म्हटलं, खबरदार! देवाचा काय एक चुकूक नाय! धोंडूचा गाऱ्हाणा सरळ पोचला हुता! पुस्तकच मी उघडूक नाय, तर देवान काय माझ्या जाग्यावर बसून पेपर लिवचो? माझी एका अक्षराची तयारी नाय हुती! मी नापास झालंय तो माझ्याच आळसान!
एवढं बोलून थांबलो. आता कोणीतरी म्हणेल, असा म्हणा नको गुरुदास, तू खूप मेहनत केलंस. वाट बघितली.
कोणी म्हणालं नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. होय, तसाच आसतला, असं म्हणत एकेकाने मान डोलावली. हौसाबाईने देवळाच्या दिशेला हात जोडून रवळनाथाची माफी मागितली. धोंडूने मला हात देऊन स्टुलावरून खाली उतरवलं आणि सगळ्यांना माझ्या खात्यावर चहा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावाने माझं ऐकलं, आणि एका शब्दावरही कोणाचं दुमत नव्हतं.