शेवटचा नळ

बाबा, तुमची पणती आत्ता माझ्यासमोर फरशीवर बसून दशहरी चोखते आहे. कोपरापर्यंत रस ओघळलाय, फ्रॉकचं तर विचारूच नका, आणि मी मुळीच रागावणार नाही. तिच्या आईनं दिल्लीहून फोनवर बजावलंय की जास्त आंबे देऊ नका, तोंडावर पुटकुळ्या येतात. येऊ देत. पोरीला मराठी सगळं कळतं बरं का, फक्त उत्तर हिंदीत. अजून एक घे म्हटलं की म्हणते, ‘बस आजी, पेट फट जाएगा,’ आणि हात मात्र टोपलीकडेच. शाळेत तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी आजी लखनऊची पार्षद आहे, म्हणजे आपल्याकडची नगरसेविका. बाईंना वाटलं थापा मारते. मी ऐकलं आणि दिवसभर हसत होते, एकटीच. रविवारी तिचा बाप येऊन तिला घेऊन जाईल. मग घरात मी आणि कूलर. म्हणून म्हटलं, ती आहे तोवर तिच्याकडून वहीची दोन पानं मागून घ्यावीत. माझं चौथीतलं अक्षर, पण तुम्हीही कुठे फार शिकला होतात, आपलं जमेल. आता मराठीत लिहावं असं माझं दुसरं राहिलंच कोण?

तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा कडेवर होता आणि आम्ही इथे रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. पुढे यांनी रिटायर होऊन मलिहाबादच्या रस्त्याला प्लॉट घेतला. तेव्हा सगळी आंब्याची बाग होती, आता बागेतली चारदोन झाडं उरलीत आणि बाकी घरं. हे गेले. त्यानंतर वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि गल्लीतल्या लोकांनी मला धरून उभी केली. का, तर मी सगळ्यांशी बोलते. बोलते हे खरं. पण इथे पार्षद बाई असली की काम तिचा नवरा बघतो, त्याला पार्षद पतीच म्हणतात, तो सह्या घेतो, तोच मीटिंगला बसतो. निवडून आल्यावर पहिल्याच दिवशी एक माणूस आला आणि मला म्हणाला, पार्षद पति जी कहाँ हैं. मी वर बोट दाखवलं. तो बिचारा गच्चीकडे बघत उभा राहिला.

वॉर्ड म्हणाल तर सगळ्या देशाची खिचडी. जुने बागवाले आहेत, छावणीतून रिटायर झालेले फौजी आहेत, ते सकाळी फाटकाशी तिरंगा लावून चालायला निघतात. एक मद्रासकडचे शास्त्रज्ञ आहेत, मला बघितलं की ‘नमस्कार’ म्हणतात, त्यांना तेवढंच मराठी येतं, पण म्हणतात मात्र रोज. आणि नाल्यापलीकडे शेवटची गल्ली, तिथे बहराइच, गोंडा, बिहारकडून आलेले गवंडी, रंगारी, ठेलेवाले. कुणाच्या दारात ईदची शेवई, कुणाच्या दारात छठची तयारी. भांडण सुरू झालं की चार बोल्यांत होतं आणि निवाड्याला मला बोलावतात. मराठिन अम्मा म्हणतात मला. वऱ्हाडातली पोरगी मी, आणि इथे मी म्हणजेच सगळा महाराष्ट्र.

आणि या सगळ्यांचं मूळ भांडण एकच, पाणी. तेव्हा मला तुम्ही आठवता. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन तुम्ही पहाटेच निघालेले आहात, रस्त्यातलं झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवता, आणि लोक दारातून ओरडतात, नळवाले, आज जरा जास्त वेळ. ताईच्या लग्नाचा दिवस. मांडवात पाहुणे, हौदात पाणी संपलेलं, आत्या म्हणते की अर्धा तास आपली गल्ली चालू राहू दे, कोण बघतंय. तुम्ही नाही म्हणता. मी मध्ये तोंड घालते, बाबा, चावी तर तुमच्याच हातात आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, “चावी माझ्याकडे आहे. पाणी माझं नाही.” आणि कळशी देऊन विहिरीवर पिटाळलंत. नव्या परकरानिशी. तो परकर भिजला, त्याचं मी कितीतरी दिवस मनात धरलं. माझ्या लग्नात मात्र मी निघताना तुम्ही मला तुमचा पितळी पेला दिलात. रोज शेवटच्या नळाला पाणी आलं की त्यातून घोटभर पिऊन मगच तुम्ही घरी यायचात, तोच हा पेला. सासरी सगळे हसले की बापानं काय दिलं तर पेला. आता त्याला पोचे आलेत, पण चिंच लावली की अजून सोन्यासारखा होतो.

तर या उन्हाळ्यात शेवटच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे आली. नवरा गवंडी, ती दारात बसून चिकनचं काम करते, म्हणजे मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याचं भरतकाम. मला म्हणाली, अम्मा, आमच्या नळातून नुसती हवा येते. पाणी कमी नव्हतं, बाबा. आमच्या गल्लीत घरोघरी टुल्लू लावलेले. टुल्लू म्हणजे छोटी मोटर, ती सरकारी नळाला जोडली की पुढच्याच्या वाटचं पाणी आपल्या टाकीत ओढून घेते. कायद्यानं बंदी आहे, पण सगळेच लावतात, आमच्याकडेही होता. यांनीच बसवला होता, आवाज होऊ नये म्हणून खाली जुनी गोधडी घालून. मी पाणीखात्याचे जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर, त्यांना बोलावलं आणि म्हटलं, काढा. आधी माझा काढा. तो काढताना गोधडीसुद्धा निघून आली, यांच्या शर्टाचा तुकडा होता तिच्यात. मग समोरच्या घरी गेलो.

समोर पंडिताइन राहते. तुम्हाला तिचं काय सांगू. मी तिला जिज्जी म्हणते. हे गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या घरची चूल तिनं सांभाळली, आपल्याकडचं पिठलं मला हवंसं वाटेल म्हणून कुणाला तरी विचारून केलं, गोड झालं होतं, मी रडत रडत खाल्लं. रोज संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर चहाला यायची. तिची सून माडीवर राहते, वर पाणी टुल्लूशिवाय चढत नाही, हे मला माहीत होतं. जेईंच्या माणसानं पाना काढला तेव्हा जिज्जी दारात उभी होती. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, “वोट हमने दिया था मराठिन, कि उन लोगों ने?”

मी म्हटलं, “जिज्जी, चाबी मेरे पास है, पानी मेरा नहीं है.”

बाबा, तुमच्या तोंडी ते किती भारदस्त वाटायचं. माझ्या तोंडी हिंदीत नुसतं उद्धट वाटलं. तिनं दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून ती ओट्यावर आलेली नाही. सून बादल्या भरून जिन्यानं वर नेते, त्या जिन्यावर आपटल्याचा आवाज मला इथे ऐकू येतो. मी दोनदा गेले, जिज्जी पूजेत आहेत असा निरोप आला. पण ही पोरगी आली आणि तिला कसली आलीय दुश्मनी. ती सरळ जाते, पन्हं पिऊन येते. काल येऊन मला म्हणाली, सामने वाली दादी पूछ रही थीं, तुम्हारी आजी बीपी की दवा खाती है कि नहीं. मी म्हटलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, मैंने कहा भूल जाती है. थोड्या वेळानं पुन्हा धावत आली, की दादीनं सांगितलंय, गोळी पाण्याच्या माठाजवळ ठेवा म्हणजे दिसेल. ठेवली. जिज्जी बोलत नाही, आणि माझी गोळी मात्र तिच्या हुकमानं माठाजवळ आहे. रविवारी पोरगी गेली की एवढं निरोपाचं येणंजाणंही बंद.

संध्याकाळी मी पेला घेऊन नाल्यापलीकडे जाते. शेवटच्या नळाला पाणी येतंय का ते बघायला. लोक म्हणतात, पार्षद हो तो ऐसी. ती चिकनवाली पालथा डबा ठेवते, म्हणते, “अम्मा, बैठो.” मग सुई चालते आणि तोंडही. तिच्या सासूच्या गोष्टी, बहराइचच्या पुराच्या गोष्टी. मी तिला आपल्याकडच्या सांगते.

तुमची पण एक गोष्ट मला हल्ली सारखी आठवते. आई गेल्यानंतरचं वर्ष. ताई भाकरी झाकून ठेवायची आणि तुम्ही यायचात उशिरा, शेवटच्या नळाला पाणी येईतो कसा निघू, म्हणायचात. मी चिडून एकदा तुम्हाला बोलवायला कुंभारवाड्यात आले. तुम्ही म्हाताऱ्या कुंभाराच्या ओट्यावर बसलेले, त्यानं काही सांगितलं आणि तुम्ही मोठ्यानं हसलात. घरी तुम्ही हसणं सोडलं होतं. नळाखालच्या घागरी सगळ्या भरलेल्या होत्या, एक तर वरून वाहत होती. मला तेव्हा तुमचा रागच आला.

पोरगी विचारते आहे, आजी, किसको लिख रही हो. माझ्या बाबांना, म्हटलं. तर म्हणते, पता क्या है? हात धुऊन ये म्हटलं तिला, कागदाला रस लागेल. हे पान मी पेल्यात घडी करून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू?

आणि एक सांगायचं राहिलं. इथेही आता मी पोचायच्या आधीच पाणी आलेलं असतं, बाबा. माझा पेला भरून, पिऊन होतो. तरी मी बसून राहते.