शेरीफचं खेचर

काष्टी

प्रिय फरदीन,

तुझा सिनेमा बघून आलो. नगरला, एकटाच. रेश्माला सांगितलं, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला चाललोय. चाळिशीतला नवरा कार्टून बघायला एवढ्या लांब जातो म्हटल्यावर ती दिवसभर हसली असती.

शेरीफचा मराठी आवाज झकास दिलायस. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं माझ्याकडून चांगलं काही येईल असं वाटत नाही. शेरीफ डस्टी दरोडेखोरांना घाबरून पिंपात लपतो आणि आतूनच ‘लई शाने झाले का रं?’ म्हणून दम देतो, तिथं अख्खं थेटर खो-खो हसलं. अमेरिकेच्या वाळवंटात काष्टीची बोली! मीही हसलो. मग त्याचं खेचर बोललं आणि माझं डोकंच फिरलं.

कोण रे तो? शेवटी नाव वाचलं, पण इथं लिहिणार नाही. आवाज गोड आहे लेकाचा. खेचराला गोड आवाज कशाला? आपलं खेचर, बिस्किट नावाचं, कायम वैतागलेलं असतं, शेरीफची अक्कल काढतं आणि तरी त्याला सोडून जात नाही. हे तुला मी सांगायचं का?

लहानपणी तुझ्या अब्बांच्या रद्दीच्या दुकानात याच शेरीफच्या कॉमिकचा गठ्ठा सापडला होता. इंग्रजी कुणाला येत होतं? चित्रं त्यांची, बोलणं आपलं. तू शेरीफ, मी खेचर. शनिवारी बाजाराला आलेली माणसं दुकानापुढं थांबून ऐकायची. आमचे दादा बैलांची दलाली करायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. त्यांचाच जुना रुमाल आपण हातांवर टाकायचो. मी बोट दाबलं की तू बोलायचास, तू दाबलंस की मी. कधी एकाचं बोलणं दुसऱ्यावर चढलं नाही.

सिनेमातही तुझा शेरीफ खेचराला उत्तर देण्याआधी जरासा थांबतो. लोकांना ती गंमत वाटते. मला ठाऊक आहे, तू बोटाची वाट बघतोस. अंधारात माझं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर दाबलं जात होतं. शेजारच्या बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली.

तुझं नाव झालं, पेपरात फोटो आला, त्यानं माझ्या पोटात दुखलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं दुखलं. पण तो माणूस तुझ्या शेजारी उभा राहून तुझी अक्कल काढतो, हे मला सहन होत नाही. जळतो मी, फरदीन. तुझी अक्कल काढायचा मान माझा आहे.

मागल्या आठवड्यात तुझा फोन आला. आधीच्यानं काम सोडलंय, दुसऱ्या भागासाठी खेचराचा नवा आवाज शोधताहेत, येऊन बघ, म्हणालास. मी म्हणालो, ऊसतोडीची टोळी आलीय, वेळ न्हाई. टोळी अजून आलेलीच नाही. त्यानं टाकलेलं मला वाढतोयस असं वाटलं आणि मी ताठलो. फोनवर पुन्हा ताठेन, म्हणून हे पत्र. सोमवारी पहिल्या एसटीनं पुण्याला येतोय. तोवर दुसऱ्या कुणाला हो म्हणू नकोस. आणि तिथल्या रेकॉर्डिंगवाल्यांना सांगून ठेव, आपल्याला शेजारी-शेजारी उभं करा म्हणून. दादांचा रुमाल धुऊन पिशवीत ठेवलाय.

तुझंच खेचर,
गोरक्ष