डावीकडची मोकळी जागा

५ सप्टेंबर २००६

पुन्हा डावा खांदा!

अपेक्षा आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत आली ती डावा हात उजव्या हाताने उचलून धरूनच. सहा नंबरच्या मशीनवरची. ट्रॉलीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा जड भाग, उचलायचा, मशीनमध्ये बसवायचा, झालं की काढायचा – दिवसभर हेच. पण बाकीच्या मशीनवरही हेच काम आहे आणि त्यांचे खांदे शाबूत आहेत. सहा नंबरवरून माझ्याकडे आलेली ही तिसरी. आधी संजय, मग रुपाली. दोघांनीही शेवटी काम सोडलं.

"मुलीची वेणी घालता येत नाही मॅडम," म्हणाली. "शेजारणीकडे पाठवते. ती घट्ट घालते, पोरगी रडते."

शेक दिला, व्यायाम दाखवले. उद्या विसर्जन, कंपनीची बस लवकर सुटली. येरवड्यापर्यंत सगळे डुलक्या घेत होते. मी सोडून.

७ सप्टेंबर

अभिनवने बोलावलं. एचआरचा नवा मॅनेजर, माझ्या मुलाच्या वयाचा. "मॅडम, तिन्ही केसेस सेम मशीन, सेम शोल्डर. दे आर कॉपीइंग इच अदर."

मी म्हटलं, दुखणं कॉपी करता येत नाही.

"येतं मॅडम. सुट्टीसाठी सगळं येतं." मग जरा नरमून – "तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपतंय. तुम्ही फिट लिहिलंत तर रिन्यू. नाहीतर माझ्या हातात काही नाही." खांदे उडवले. त्याचे दोन्ही खांदे उत्तम चालतात.

अपेक्षाच्या नवऱ्याचं काम सुटलंय. वाघोलीतली खोली तिच्याच पगारावर चालते. आज जाताना ती दारात थांबून म्हणाली, "मॅडम, महिनाअखेरपर्यंत बरा होईल ना?"

११ सप्टेंबर

आज लाईनवर जाऊन ट्रॉलीची उंची मोजली. ठीक आहे. मशीनची ठीक. उजेड ठीक. उभं राहायच्या जागी घालायला रबरी मॅट मागवली होती, ती ट्रॉलीसमोर नीट अंथरून आले. सुपरवायझर दत्तप्रसाद बघत होता. "छान आहे मॅट," म्हणाला. हसला नाही.

१२ सप्टेंबर

मॅट गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली. कुणी उचलली? कुणालाच माहीत नाही.

पुन्हा अंथरली.

१३ सप्टेंबर

पुन्हा भिंतीला.

१४ सप्टेंबर

सगळी सकाळ सहा नंबरपाशी स्टूल टाकून बसले. इतके दिवस मी खांदा बघत होते. आज पाय बघितले.

अपेक्षा ट्रॉलीसमोर उभीच राहत नाही. एक पाऊल उजवीकडे उभी राहते आणि कंबरेतून वळून, डावा हात ताणून कास्टिंग उचलते. दर वेळी. डावीकडे, जिथे तिने उभं राहायला हवं, तिथे मोकळी फरशी. करडा रंग दिलेली, स्वच्छ. बाकी सगळीकडे रंग पायांनी झिजलाय. तिथे नव्यासारखा आहे.

मग माल न्यायला हेल्पर आला. सरळ येत होता, तिथवर आल्यावर वळसा घालून गेला. दत्तप्रसाद आला – त्यानेही वळसा. कुणी खाली बघत नाही. कुणी थांबत नाही. तिथे कुणी झोपलंय आणि त्याची झोपमोड करायची नाही, असं चालतात सगळे.

अंगावर काटा आला. दिवसाढवळ्या, एवढ्या आवाजात.

१५ सप्टेंबर

अपेक्षाला विचारलं, असं उभं राहायला कुणी शिकवलं?

"रुपालीताईनं. म्हणाली डावीकडं पाय टाकायचा नाही."

का?

"नाही विचारलं." मग माझ्याकडे बघून – "तुम्ही विचारता का मॅडम, देवळाच्या उंबऱ्यावर पाय का नाही द्यायचा?"

अभिनवचं बरोबर होतं तर. कॉपीच करतायत.

१८ सप्टेंबर

भीमराव आज पाठीसाठी आले. लाईनवरचे सगळ्यात जुने. माझ्या पलंगावर पडलं की पाच मिनिटांत घोरतात. तसे सगळेच इथे लगेच झोपतात. खोली म्हणजे जुन्या शेडचा पार्टिशन घालून तोडलेला तुकडा, पण खिडकीबाहेर कडुलिंब आहे आणि दुपारी त्याची सावली बरोबर पलंगावर येते.

आज मी त्यांना झोपू दिलं नाही. सहा नंबरच्या डावीकडे काय आहे?

"नागोराव सहा नंबरच्या डाव्या अंगाला गेला मॅडम. फोर्कलिफ्टवरचा माल अंगावर पडला. मी लागलो त्याच्या नंतर. जुन्या लोकांनी सांगितलं, सहाच्या डावीकडं पाय द्यायचा नाही. आम्ही दिला नाही."

जुने लोक कुठे आहेत आता?

"परदेशी कंपनीनं कारखाना घेतला तेव्हा पैसे घेऊन गेले सगळे. व्हीआरएस. कुणी गावाकडं, कुणी वर." मग म्हणाले, "ह्याच्यावर रिपोर्टात लिहू नका. साहेब लोक हसतील. नायतर मुद्दाम तिथं रॅक ठोकतील."

मग त्या पोरीचं काय करू?

उठून बसले. शर्टाची बटणं लावत म्हणाले, "घरच्यांनी हो म्हटलं तर गोष्ट वेगळी. सत्यशीलावहिनींना विचारा. त्यांचाच मालक तो."

सत्यशीलाताई. ज्या दोन वर्षं कॅन्टीनमधून मला रोज चहा आणून देतात.

१९ सप्टेंबर

चहा आला. नेहमीसारखा दारातूनच. त्या आत येत नाहीत. पहिल्या दिवसांत मी म्हणायचे, या, बसा. तर "चपला खराब हायत" म्हणायच्या. मी समजले, बुजतात. मग म्हणायचं सोडलं.

आज विचारायचं होतं. कप घेतला आणि "आलं छान पडलंय" म्हटलं.

२० सप्टेंबर

विचारलं नाही.

आज लाईनवरून येताना मीसुद्धा वळसा घातला. पार करून गेल्यावर लक्षात आलं.

२१ सप्टेंबर

व्यायामाने काही होणार नाही. रोज सकाळी मी खांदा सोडवते आणि दिवसभर ती तो पुन्हा आवळते. आज तिला हात खांद्याच्या वर नेता आला नाही. रडली नाही. "रुपालीताईचं पण असंच झालं होतं ना?" एवढंच.

फिट लिहिलं तर खोटं, आणि दिवाळीपर्यंत हात जाईल. अनफिट लिहिलं तर काम जाईल. रिपोर्ट अठ्ठावीसला द्यायचाय.

संध्याकाळी बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती. तरी मी एका बाजूला आकसून बसले होते. येरवडा येईपर्यंत कंबर आखडली.

२२ सप्टेंबर

विचारलं.

सत्यशीलाताई दारात उभ्या, हातात किटली. मी सगळं सांगितलं – मॅट, पाय, खांदे, तिघांचे. मला वाटलं, किटली ठेवून निघून जातील.

"कोण पोरगी?"

अपेक्षा.

"लेकरू हाय तिला?"

एक मुलगी आहे.

"मला कुणी बोललं न्हाई," म्हणाल्या. "इतकी वर्षं लोक त्यांच्यासाठी वाकडे हुभे राहतेत, अन् मला ठावं न्हाई." माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होत्या. मग किटली उचलून गेल्या.

हो नाही, ना नाही.

२५ सप्टेंबर

जेवणाची सुट्टी संपता संपता लाईनवर आल्या. कॅन्टीनचा एप्रन तसाच. मशीन बंद होती म्हणून शांतता होती, त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. भीमरावांनी टोपी काढली.

सत्यशीलाताई सहा नंबरपाशी गेल्या. कुणी दाखवलं नाही, पण सगळे जिकडे बघायचं टाळत होते ती जागा कळायला वेळ लागत नाही. चपला काढल्या. त्या मोकळ्या फरशीवर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. मशीनकडे बघितलं, ट्रॉलीकडे बघितलं.

मग बाजूला झाल्या आणि अपेक्षाचं मनगट धरून तिला तिथे आणलं.

"हुभी राहा माय. नीट हुभी राहा. त्यांनला कुणाला तरास दिलेला खपायचा न्हाई."

अपेक्षा राहिली उभी.

भोंगा झाला. तिने पहिलं कास्टिंग उचललं – सरळ, दोन्ही हातांनी.

२६ सप्टेंबर

हेल्पर सरळ गेला. अर्ध्यात थबकला, मग गेला.

मॅट जागेवर आहे. मला मात्र अजून तिथे कुणी झोपलंय असंच वाटतं. आजही वळसा घातला.

२८ सप्टेंबर

रिपोर्ट दिला. "ट्रॉलीपासून अंतर जास्त होते. उभे राहण्याची जागा दुरुस्त केली. सहा आठवडे हलके काम, नंतर पूर्ण फिट." अभिनवने वाचला. "इतकं सिंपल होतं?"

हो म्हटलं.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू. अपेक्षा सांगायला आली तेव्हा हात कानापर्यंत जात होता. वेणीला अजून वेळ आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीनची पूजा. सगळीकडे झेंडू. सहा नंबरला सगळ्यात मोठा हार.

दुपारी सत्यशीलाताई माझ्या खोलीच्या दारात. हातात किटली नाही, ओंजळभर फुलं. चपला काढल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आत आल्या. मला वाटलं, पलंगाची पूजा करायचीय. त्या खिडकीपाशी खाली बसल्या आणि फुलं पलंगाखाली, फरशीवर ठेवली.

"ती जागा तिथं नव्हती बाई. ते गेले त्या दिवशी मला आणलं होतं इथं, सहा नंबर तवा इथंच हुती. कंपनी इकली तवा मशीन तिकडं नेली. हा लिंब तेवढा तिथंच हाय."

मग म्हटलं, पलंग हलवते. आत्ताच हलवते.

फरशीवरून हात फिरवत होत्या.

"नगं. राहू द्या. इथं पडलेलं माणूस उठून जातंय ना."