दोन इंच की चार

३० मे
मळ्याकडे येणाऱ्या कच्च्या पांदणीत जीप पुन्हा अडकली. चाकोऱ्या इतक्या खोल की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. पाऊस लागला की मळ्यातून निघणं बंद, आणि ह्यांचा वाशीमचा व्यायामही. ह्यांना लकव्याचा झटका आला त्याला सात महिने झाले. पाय जेवढा परत आला तो आठवड्यातून तीनदा वाशीमला नेऊन आला. तिथल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, खंड पडला तर आखडेल. पडू द्यायचा नाही.

३ जून
वांगी शेलूबाजारला टाकून गाडीच्या मिस्त्रीकडे. स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करून गाडी उचलून देतो म्हणाला. किती, ते तुम्ही सांगा.
"चार इंच केली तं पांदन आरामात निंगन, वहिनी. पन हायवेवर वळनाले कलते. डोक्यावर हंडा घेऊन पळल्यावानी."
"अन् दोन?"
"दोनात हायवे सांभाळते. पांदनीत हळू चालवा लागन."
घरी येऊन जीपचं पायदान मोजलं. जमिनीपासून पंधरा इंच. हे दांडी धरून तेवढं स्वतः चढतात. उद्या ते सतरा होईल, नाहीतर एकोणीस. खाली आणखी एक पायरी लाव म्हटलं तर मिस्त्री हसला. पहिल्याच चाकोरीत तुटून पडेल म्हणे.

४ जून
गाडीत चौरंग ठेवू का, विचारलं.
"मी नवरदेव हाओ का? दवाखान्याच्या फाटकात चौरंगावर चढू?"
मला हसू आलं. ते हसत नव्हते. उचलून बसवायचं तर नावच नको. पहिल्या महिन्यात चौघांनी उचलून ठेवलं होतं, त्याबद्दल अजून एक शब्द बोललेले नाहीत.

५ जून
अंगणात एकावर एक विटा रचल्या. एक वीट तीन इंचाची. गोठ्याची मेढ धरून पाच विटा चढले. सहावी ठेवली, पाय अर्ध्यातून खाली. दहा वेळा. शेवटी मीच ओरडले, पुरे करा. मेथी तोडायची राहून गेली.

१६ जून
तीन दिवस पाऊस. आज उघडीप. मी वाफ्यात होते.
"अवं, इकडं ये! सहा!"
पळत आले तर विटांवर उभे. मेढ सोडून. रडू आलं, लपवलं नाही. हेही डोळे पुसत होते.
"अठरा झाले. मिस्त्रीले चार सांग. एका इंचाचं काय, तो बी होईन."
उद्या सांगते म्हटलं. हायवे डोक्यात होता. पण त्यांचा चेहरा पाहून चारच म्हणाले असते.

१७ जून
विटा उचलायला गेले. खालची निघेना. काळी माती ओली, त्यात ह्यांचं वजन, रुतून बसली होती. जमिनीपासून टेप लावला. सोळा. पुन्हा लावला. सोळाच.
हे ओट्यावर बसून भावाला फोनवर सांगून राह्यले होते, सहा विटा चढलो म्हणून. विटा तशाच ठेवल्या. टेप पदराखाली धरून आत आले.

१८ जून
मिस्त्रीला दोन सांगितले. त्याखाली सांगून उपयोग नाही, पांदण पार होणार नाही. ह्यांना म्हटलं, हायवेवर गाडी मला चालवायची असते, मला भीती वाटते.
"लय भित्री हाइस तू. माह्याकून तं चार बी झाले असते."
भित्री तर भित्री. पण खोटं बोलले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एवढं मोठं नव्हते बोलले.

२१ जून
जीप आली. पांदणीतून आणली, पोट कुठंच घासलं नाही. खरंच छान चालते. हे दोनदा भोवती फिरून आले, हात फिरवला, चढून पाहत नाहीत. म्हणतात, उद्या वाशीमला निघतानाच. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.
दुपारी हे झोपले तेव्हा पायदान मोजलं. सतरा.
एक इंच कमी पडतो, आणि ते फक्त मला माहीत आहे. सांगितलं तर उद्या दांडी धरायच्या आधीच धीर खचेल. नाही सांगितलं आणि पाय अर्ध्यातून खाली आला, तर मी बाजूला उभी असेन. पाहत. हात लावायचा नाही म्हणून.
आतून विचारतायत, "उद्या आठलेच निंगू ना वं?"
हो म्हटलं.