ऐरणीची पलीकडची बाजू

३ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंची कंबर आता बरी असेल. माझी तब्येत उत्तम आहे, गुडघे सोडले तर, आणि गुडघ्यांना मी भाव देत नाही.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या ओळखीचे ते जुनी अवजारं जमवणारे गृहस्थ आपली ऐरण घ्यायला तयार आहेत, फक्त ती कोणत्या कारखान्याची हे त्यांना आधी कळायला हवं. ती गेली की मी दुकानाला कुलूप लावायचं आणि तुझ्याकडे राहायला यायचं. बेत झकास आखला आहेस. अगदी आईवर गेली आहेस.

पण कारखान्याचं नाव मला माहीत नाही. हसू नकोस. ऐरण माझ्या वडिलांनी जुनीच आणली होती, आणि मी जन्मभर तिच्या एकाच बाजूला उभा राहिलो, भट्टीच्या बाजूला. नाव आहे पलीकडे, घण मारणाऱ्याच्या बाजूला. सध्या तिथे कोळशाची पोती रचली आहेत. ती सरकवायला सवड मिळत नाही. कामं फार आहेत.

जेवणाची काळजी करू नकोस, वेळेवर जेवतो.

तुझे बाबा


२० फेब्रुवारी

चि. ठिणगी,

आशीर्वाद. परवा फोनवर रागावलीस, "बाबा, चार पोती हलवायला एवढे दिवस?" मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. बोलताना मला सुचत नाही, म्हणून लिहितो.

कामं फार आहेत ही शुद्ध थाप होती. दिवसाकाठी एखादा विळा, एखादी सुरी धार लावायला येते, बस. मोठं काम मी घेतच नाही. घण मारणार कोण?

पोती मीच तिथे रचली, तुझी आई गेल्यावर. तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवलं की मी हातोडीने टिचकी मारायचो, म्हणजे घाव इथे घाल, अशी तिला खूण. ती गेल्यावरही हाताची सवय जाईना. टिचकी मारून समोर बघायचो तर भिंत. लोखंड सांडशीत तसंच थंड व्हायचं. म्हटलं, ती मोकळी जागा तरी डोळ्यांसमोर नको.

काल समोरचा वेल्डिंगवाला आला, तोच, ज्याची टकळी कधी बंद होत नाही. त्याने पोती ओढून बाजूला केली. मी तारेच्या ब्रशने काजळी काढली, वरून खडू फिरवला. तो गुडघ्यांवर बसून वाचायला लागला.

"काका, पहिलं अक्षर आहे, शेवटची दोन आहेत. मधलं सगळं सपाट. कुणीतरी घासून टाकलंय हो!"

"उठावाची अक्षरं ती. कोण कशाला घासेल?"

"मग तुम्हीच बघा की. खोलगट झालंय इथे. रोज काहीतरी टेकवून ठेवल्यासारखं."

मी कसाबसा खाली बसलो. त्या जागेला हात लावला आणि कळलं. लोखंड पुन्हा भट्टीत गेलं की तुझी आई घण ऐरणीला टेकवून उभी राहायची. मी किती ओरडायचो, "जमिनीवर ठेव, टेकवू नकोस!" ती म्हणायची, "मी माणूस आहे, भाता नाही. दम घेऊ द्या." इतकी वर्षं तिने तिथेच दम घेतला आणि कारखान्याचं नाव पुसून टाकलं. मी रडलो, पोरी. वेल्डिंगवाल्यासमोर. तो बिचारा उठला आणि चहा घेऊन आला.

नावाच्या वर एक लहानसा तारा आहे, तो मात्र शाबूत आहे. जाणकार माणूस त्यावरून कारखाना ओळखेल असं वाटतं. कागद ठेवून कोळशाने ठसा घेतला. खरं सांगतो, तारा गाळून पाठवावा असं मनात आलं होतं. ओळख पटली नसती, सौदा आपोआप मोडला असता, आणि तुला नाही म्हणायची पाळी माझ्यावर आली नसती. पण लेकीशी लपवाछपवी या वयात शोभत नाही. ठसा ताऱ्यासकट सोबत पाठवतो आहे. त्या गृहस्थांनी ओळखला तर मलाही कळव. जन्मभर कुणाच्या लोखंडावर पोट भरलं ते एकदा कळू दे.

पण ऐरण द्यायची नाही. आणि मीही येणार नाही.

रागावू नकोस. इथे मला एकटं वाटतं, फार वाटतं. सकाळी दुकानाचं दार उघडताना तर पाय उंबऱ्यातच अडतो. तुला हे आजवर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लगेच गाडी घेऊन आली असतीस. पण तुझ्याकडे तरी काय, तुम्ही दोघं कामावर गेलात की मी एकटाच. शिवाय तुझ्या घरात ती कधी राहिलीच नाही. तिथे कुठेही बघितलं तरी ती नाहीच. इथे ती नेमकी कुठे नाही, ते मला माहीत आहे.

पोती परत रचली नाहीत. तू दोन दिवस ये, मला न्यायला नव्हे, नुसती राहायला. उत्तर फोनवर देऊ नकोस. पत्र लिही, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल.

तुझ्या आईच्या समोर उभा असलेला,
तुझा बाप